शंभरातले चव्वेचाळीस

"म्हणजे चूक त्यानं करायची आणि राग मी गिळायचा. हेच सांगणार ना तुम्ही?"

भार्गव मास्तर अजून टेकलेही नव्हते. तरीतून, खाडीवरच्या त्या होडीतून उतरून, दुपारचा चढ चढून आले होते. छत्री मिटता मिटताच त्यांनी हे विचारलं.

लखूबुवा भट्टीच्या सावलीत बसून टोपलीतल्या शिंपल्या निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बसा."

"बसायला आलो नाही मी."

"मग उभे राहा."

मास्तर उभे राहिले. थोड्या वेळानं गुडघे बोलायला लागले तेव्हा बसले, पण तेही रागानंच बसले.

खाडीच्या या काठावर बुवांची चुन्याची भट्टी होती. कमरेएवढी, गोल, काळ्या दगडांची. खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्या गोळा करायच्या, शिंपल्यांचा एक थर, कोळशाचा एक थर असं करत भट्टी भरायची, पेटवायची आणि राखण करत बसायचं. पन्नास वर्षं बुवांनी एवढंच केलं होतं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अंगावर भगवं नव्हतं, गळ्यात माळ नव्हती. तरी चार गावची माणसं त्यांच्याजवळ येऊन बसत, कुणी भांडण घेऊन, कुणी दुखणं घेऊन. बुवा ऐकून घेत. मनात आलं तर बोलत, नाही तर शिंपल्या निवडत राहत.

मास्तर पलीकडच्या बंदरगावात हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सहा वर्षांपूर्वी ते आठवीच्या मुलांना भट्टी दाखवायला घेऊन आले होते. शिंपली फोडली, कुटली, पार पीठ केलं तरी ती शिंपलीच असते, हा भौतिक बदल, असं त्यांनी मुलांना समजावलं होतं. भाजली की ती शिंपली उरत नाही, चुना होतो, हा रासायनिक बदल. बुवा कान देऊन ऐकत होते. मुलं निघाल्यावर त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, भट्टीत भरलेलं वजन बाहेर येताना निम्म्यावर येतं, बाकीचं जातं कुठं? इतकी वर्षं ते समजत होते, आग खाते.

आग काही खात नाही, मास्तर म्हणाले होते. शंभर किलो आत गेलं की छप्पन्न बाहेर येतं. उरलेले चव्वेचाळीस वायू होऊन हवेत जातात. कणभरही नष्ट होत नाही. आणि पुढं तोच चुना भिंतीला लावला की तो हवेतून ते चव्वेचाळीस परत ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो.

बुवांना याचं इतकं नवल वाटलं, की पुढं कितीतरी दिवस ते येईल-जाईल त्याला सांगत होते, माझ्या भट्टीतून गेलेलं तुमच्याच भिंतीत येऊन बसतं बरं का.

तेव्हापासून मास्तर दर रविवारी यायचे. गावात सांगायचे, म्हाताऱ्याला रसायनशास्त्र शिकवायला जातो. त्यांच्या बायकोला मात्र ठाऊक होतं, की तिकडून आल्यावर ते दोन-तीन दिवस कुणावर ओरडत नाहीत.

या वेळी मधले दोन रविवार चुकले होते. आणि चुकायला कारण होतं.

दरवर्षी मास्तर बुवांकडून दोन डबे शाळेसाठी न्यायचे. एकात कच्च्या शिंपल्या, एकात भाजलेल्या. भट्टीत शिंपली आतून पार बदलते, पण आकार सोडत नाही. पाठीवरच्या रेघासुद्धा तशाच राहतात. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्याला कळायच्या नाहीत. शाळेत त्या दोन बरण्यांत भरून ठेवायच्या. कच्च्यांची बरणी मुलांच्या हातात द्यायची. बाटलीत शिंपल्या घाला, पाणी घाला, बूच घट्ट लावा, वजन करा, हलवा, परत वजन करा. वजन तेवढंच भरतं, आणि मुलांच्या वहीत द्रव्य अक्षय्यतेचा नियम उतरतो. भाजलेल्यांची बरणी मास्तर स्वतः हाताळायचे, उघड्या भांड्यात, मुलांना मागं सरकवून. कारण भाजलेल्या शिंपलीवर पाणी पडलं की क्षणभर काहीच होत नाही. मग ती तापते, फुगते, उकळायला लागते.

तीन आठवड्यांपूर्वी कच्च्यांच्या बरणीत भाजलेल्या निघाल्या.

केतकी नावाच्या मुलीनं बूच घट्ट लावलं, सांगितलं होतं तसं. बाटली डोळ्यांसमोर धरून हलवली, सांगितलं होतं तसं. बूच उडालं. उजव्या डोळ्यानं तिला आता उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं.

शाळेनं चौकशी लावली. बरण्या प्रयोगशाळेतला शिपाई दत्ताराम पाष्टे यानं भरल्या, असं मास्तरांनी लिहून दिलं. दत्तारामला घरी बसवलं. आता उद्या, सोमवारी, मास्तरांनी समितीपुढं तेच तोंडानं सांगितलं की त्याला कायमचा काढणार होते. एकोणीस वर्षांची नोकरी होती त्याची.

दत्तारामचं घर पलीकडच्या धक्क्यालगत होतं. आज तरीत बसायला येताना त्या अंगणावरून जावं लागलं, तेव्हा मास्तरांनी छत्री कानापर्यंत खाली ओढली होती.

"राग कशाचा येतो सांगू?" मास्तर म्हणाले. "तो नाही म्हणाला नाही, याचा येतो."

बुवांनी एक फुटकी शिंपली बाजूला टाकली.

मास्तर बोलत राहिले. समितीनं दत्तारामला समोर उभं करून विचारलं, तर हा मान खाली घालून म्हणतो, सर म्हणतात तर माझ्याच हातून झालं असेल. असेल म्हणे. माणसानं भांडायला नको? टेबलावर हात आपटून विचारायला नको, की मी भरल्या हे कुणी पाहिलं? त्या दिवसापासून मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जेवायला बसलं की ती खाली घातलेली मान दिसायची आणि ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं. काल बायकोनं आमटी वाढताना नुसतं दत्तारामचं नाव काढलं, तर खरंच भिरकावलं होतं.

"लोळागोळा आहे नुसता," मास्तर म्हणाले. "कणा म्हणून नाही त्याला."

"त्यानं भरल्या?"

"बरण्या भरणं त्याचं काम आहे."

"ते नाही विचारलं."

"कामाच्या यादीत आहे त्याच्या. लेखी आहे."

...

खाडीवरून वारा आला. मास्तरांना एकदम जाणवलं, की आज भट्टीची धग येत नाहीये. त्यांनी मान वळवून पाहिलं. भट्टीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"पेटवली नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

का, असं विचारायचं मास्तरांच्या तोंडावर आलं होतं, पण आज त्यांना दुसऱ्याचं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. समितीला दिलेल्या निवेदनाची ही त्यांची प्रत होती. मुद्दे सुटसुटीत होते, तारखा बरोबर होत्या, एक खाडाखोड नव्हती. बुवांनी तो ऐकावा आणि यात खोटं काय आहे ते सांगावं, एवढ्यासाठी ते आले होते.

"लिहून दिल्यावर हलकं वाटलं का?" बुवांनी विचारलं.

"वाटलं. का वाटू नये?"

आणि मास्तरांनी सांगितलं. मुलीची आई आठ दिवस शाळेच्या फाटकात बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून त्यांचं नाव सांगत होती, आणि ते वर्गात फळ्याकडं तोंड करून ऐकत होते. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं. कागदावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी फाटकात त्यांचं नाव बंद झालं. आई तिथंच होती. नाव दुसरं होतं.

"श्वास घेता आला मला," मास्तर म्हणाले. "खरं सांगतो. एकदम हलका झालो."

"मग राग का जात नाही?"

"तेच तर विचारायला आलोय ना तुमच्याकडं."

बुवा उठले. वयामुळं दोन टप्प्यांत उठले. मागच्या खोपटात गेले आणि घट्ट झाकणाचा एक डबा घेऊन आले. झाकण काढलं, आतली एक शिंपली उचलली आणि मास्तरांच्या उजव्या तळहातावर ठेवली.

"कुठली ही?"

"आता माझी परीक्षा घेणार तुम्ही?"

"सांगा तर."

मास्तरांनी जेमतेम नजर टाकली. समोर टोपली कच्च्यांची होती, भट्टी तीन आठवडे बंद होती.

"कच्ची."

"मूठ मिटा. आणि वाचा तुमचा कागद."

मास्तरांनी मूठ मिटली. डाव्या हातात कागद धरून वाचायला सुरुवात केली. सदर प्रयोगशाळेतील साहित्याची मांडणी व भरणा ही परिचराची जबाबदारी असून... वाचता वाचता आवाज चढत गेला. प्रत्येक मुद्द्याला त्यांची मूठ आणखी आवळत होती. सदर परिचरास वेळोवेळी योग्य त्या सूचना देण्यात आल्या होत्या. सदर परिचराने त्या सूचनांकडे...

ते थांबले.

मुठीत काहीतरी गरम होत होतं.

पुढच्या ओळीवर बोट ठेवायला म्हणून ते कागदाकडं पाहत राहिले. गरम होतं ते पोळायला लागलं, आणि पोळता पोळता एकदम डसलं. त्यांनी हात झटकला. शिंपली जमिनीवर पडली. ती आता शिंपली राहिली नव्हती, अर्धी फुटून पांढरी भुकटी झाली होती.

बुवांनी मनगट धरलं. आधी कोरड्या फडक्यानं भुकटी पुसून काढली, मग माठातलं पाणी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग उठला होता.

"कच्ची होती ना?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही मुद्दाम भाजलंत मला."

"मी ठेवली फक्त. कोरड्या हातात ती बराच वेळ गप्प पडून राहते. घाम तुझा आहे."

सहा वर्षांत बुवांनी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. मास्तरांनी हात ओढून घेतला.

"आणि तीन आठवडे भट्टी थंड आहे," बुवा म्हणाले. "मग ही आग कुठली? तूच सांगत असतोस सगळ्यांना. सांग."

मास्तर उत्तर देऊ शकले असते. भट्टीत दिलेली उष्णता कशी अडकून राहते आणि पाणी मिळताच कशी बाहेर पडते, हे त्यांनी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पण त्यांना भलतंच काही आठवत होतं.

बुवांचा एक रिवाज होता. भाजलेल्या शिंपल्यांचा डबा कुणाच्याही हातात देण्याआधी ते त्याला बोट जिभेला लावायला सांगत आणि ते ओलं बोट शिंपलीवर टेकवायला सांगत. कच्ची नुसती गार लागते. भाजलेली बोट चिकटवून घेते आणि चटका देते. गवंडी असो नाही तर सरपंच असो, बोट टेकवल्याशिवाय डबा मिळत नसे.

या वर्षी मास्तरांनी बोट टेकवलं नव्हतं. परतीची तर सुटायला आली होती. शिवाय मागं दोन गवंडी उभे होते, आणि त्यांच्या देखत बोट चाटायची त्यांना लाज वाटली. हे मी शिकवतो बुवा, मला काय दाखवता, असं हसत म्हणून त्यांनी दोन्ही डबे उचलले होते. बुवा अरे अरे म्हणत राहिले होते.

शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतः बरण्या भरल्या. दत्ताराम त्या वेळी खिडक्या लावत होता. सर, मी भरू का, असं त्यानं विचारलंही होतं. नको, तू गोंधळ घालशील, असं ते म्हणाले होते.

आणि कच्च्यांच्या बरणीत ओतताना उजव्या हातातला डबा हलका आहे, हे त्यांना तेव्हाही जाणवलं होतं. निम्म्यानं हलका. क्षणभर जाणवलं होतं, आणि तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली होती.

...

"तो आला होता इथं," बुवा म्हणाले.

"कोण?"

"दत्ताराम. गुरुवारी."

मास्तर ताठ झाले. "माझी तक्रार घेऊन?"

बुवांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस रागावू शकतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आवाज मात्र चढला नाही. उलट इतका खाली गेला, की ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"शिकायला आला होता. बुवा, कच्ची कुठली आणि भाजलेली कुठली हे कसं ओळखायचं, म्हणाला. एकोणीस वर्षं त्या बरण्या पुसल्या, पण आत काय असतं ते कुणी सांगितलंच नाही, म्हणाला. परत माझ्या हातून कुणाचा डोळा जायला नको."

मास्तरांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं.

"मी बोट जिभेला लावायला सांगितलं. लावलं त्यानं. टेकवलं. चटका बसला, तर बोट काढेना. रडायला लागला. म्हणाला, त्या पोरीला डोळ्यात हे असं झालं असेल. मी विचारलं, तू भरल्यास का रे? तर म्हणतो, मला आठवत तर नाही. पण सर खोटं कशाला सांगतील?"

...

पाणी अजून मास्तरांच्या कोपरावरून ठिबकत होतं.

"तुम्ही सांगितलंत त्याला?" मास्तरांनी विचारलं. "मी बोट टेकवलं नव्हतं ते?"

"माझं होतं ते सांगितलं. एक डबा मी बोट न टेकवता जाऊ दिला. माणूस शिकलेला आहे म्हणून जाऊ दिला. मुलीच्या आईलाही जाऊन सांगून आलो. थुंकली ती माझ्या पायाशी." बुवांनी भट्टीकडं पाहिलं. "म्हणून थंड आहे ती. तुझं तुझ्याकडं ठेवलंय."

मास्तरांचा राग आता कुठं जावं ते न कळून घरभर फिरणाऱ्या माणसासारखा झाला होता. दत्तारामवर जाईना, बुवांवर जाईना. ते उठले. कागद दोन्ही हातांत धरला आणि टराटरा फाडला. दोनाचे चार केले, चाराचे आठ. तळहाताची आग होत होती तरी फाडत राहिले. तुकडे बुवांच्या टोपलीत टाकले.

"झालं? समाधान झालं तुमचं?"

बुवांनी वाकून एक तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यावर दत्तारामचं नाव होतं, पूर्ण, न फाटलेलं.

"हा कुठला बदल, मास्तर?"

मास्तरांनी तोंड फिरवलं.

"पोरांना शिकवतोस ना. सांग की."

"...भौतिक."

"म्हणजे?"

"कागद कागदच राहतो."

"आणि लिहिलेलं?"

मूळ कागद शाळेच्या कपाटात होता, शिक्क्यानिशी.

मास्तर पुन्हा खाली बसले. या वेळी रागानं बसले नाहीत. मग हळूहळू, शब्द शोधत, ते बोलायला लागले. उद्या खरं सांगितलं तर आपली नोकरी जाईल. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. खटलाही होईल. ती आई पुन्हा फाटकात बसेल, पुन्हा आपलं नाव घेईल, आणि या वेळी फळ्याकडं तोंड करायलाही वर्ग नसेल. घरी काय सांगायचं? आणि एवढं सगळं करून...

"एवढं करून तिचा डोळा येणार आहे का परत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

बुवांनी हे इतकं पटकन म्हटलं, की मास्तरांना कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. त्यांना काहीतरी वेगळं ऐकायची आशा होती.

"मग उपयोग काय?"

बुवा टोपलीशी बसले. कागदाचे तुकडे एकेक करून वेचू लागले, शिंपल्या निवडाव्यात तसे.

"शंभर किलो आत जातं," ते म्हणाले. "किती येतं बाहेर?"

"छप्पन्न."

"बाकीचं?"

"बुवा, हे आत्ता कशाला..."

"बाकीचं?"

"हवेत जातं."

"नाहीसं होतं?"

"नाही. काही नाहीसं होत नाही."

"हलका झालास म्हणालास मघाशी."

...

खाली धक्क्यावरून तरवाल्यानं हाक दिली. भरती उतरायला लागली होती. ही तर गेली की पुढची तास-दीड तासानं.

मास्तर उठले. हाताची आग आता ठणक्यावर आली होती. भाजलेला हात त्यांनी आपोआप मिटला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. दुसऱ्या हातानं खोपटाच्या भिंतीशी टेकवलेली छत्री घ्यायला गेले.

छत्री तिथं नव्हती. ती बुवांच्या काखेत होती.

"द्या," मास्तर म्हणाले. "ऊन आहे."

बुवांनी दिली नाही. पुढं येऊन त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं. खिशातून हात बाहेर काढला आणि मिटलेली बोटं एकेक करून सोडवली. करंगळी शेवटी सुटली. तळहातावरच्या लाल डागाच्या कडेला कुठंतरी थोडा चुना राहिला होता, पांढरा, रेघेएवढा.

पलीकडच्या काठावर धक्का दिसत होता. धक्क्यालगतचं कौलारू घर दिसत होतं. त्या अंगणात कुणीतरी बसलेलं दिसत होतं, इतक्या लांबून कोण ते कळत नव्हतं.

तरवाल्यानं दुसरी हाक दिली.

"ते ओरडतील माझ्यावर," मास्तर म्हणाले. "सगळे. उद्यापासून."

"ओरडतील."

"आणि दत्ताराम? तो काय करेल?"

"मला काय ठाऊक? भांडला नाही म्हणून रागावला होतास ना त्याच्यावर. बघ, भांडतो का."

मास्तर चार पावलं उतारावर गेले. मग थांबले. हात पुन्हा मिटत चालला होता, त्यांच्याही नकळत.

बुवांनी वरून पाहिलं. छत्री तशीच काखेत ठेवून म्हणाले,

"मूठ उघडी ठेव, मास्तर. वारा लागू दे. चव्वेचाळीस परत येतील."